रापणीची चाल

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळला गॅसवर दूध ठेवून उभी होते. दूध उतू गेलं, ओटा पुसला, पुन्हा पुसला... आणि डोळ्यांसमोर मामा आला तो अंथरुणातला नव्हे, तर मालवणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अनवाणी, पँट पोटरीपर्यंत दुमडलेला. महिना होऊन गेला, अजून तसाच येतो.

मामा बोटीवर नोकरीला होता. अर्जेंटिनाच्या बंदरात कधीतरी त्याने टँगो पाहिला आणि तिथेच फसला. पुढे मुंबईत त्याने क्लास काढला, नाव झालं, आणि अठ्ठ्याण्णव साली सगळं गुंडाळून तो गावी परतला. दोघांनी एकमेकांना धरून सावकाश चालायचं, एकाने पुढे, दुसऱ्याने मागे, असा तो नाच. गावाने लगेच त्याचं बारसं केलं... बापूचो मिठीनाच! माझी आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, वर्षभर देवळात मान खाली घालून जायची. मामाला कशाचंच काही नाही. तो सकाळी उठून रापण बघायला जायचा.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोर कमरेशी घेऊन बायका-पुरुष एका तालात उलटे चालतात, तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे, आणि मागे वळून कोणी बघत नाही. मामीचं माहेरच रापणीचं, ती लहानपणापासून दोर ओढत आलेली. मामाचे मुंबईचे जुने विद्यार्थी मात्र मागे पाऊल टाकायचं म्हटलं की खांद्यावरून बघायचे, आणि नाच तिथेच मोडायचा. मामाने त्यांना गावी आणलं आणि सरळ रापणीच्या दोराला जुंपलं. "मागे बघू नको. मी बघतंय," एवढंच म्हणायचा. त्यातूनच त्याचा तो प्रसिद्ध नाच बसला, दोघांच्या मध्ये दोर आणि वाद्यांच्या पाठीमागे लाटांचा आवाज. गोव्यात, पुण्यात लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा रडले, का ते विचारू नका.

पण ज्या बाईची चाल त्याने जगाला शिकवली, ती त्याच्याबरोबर एकदाही नाचली नाही. संध्याकाळी खळ्यात, म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात, तो कॅसेट लावायचा आणि हात पुढे करायचा. मामी सुपातले तांदूळ पाखडत राहायची.

"एकदाच गो."

"रापण ओढूक बोलवा, येतंय. नाचूक नाय. लोका काय म्हणतली?"

मामा हसायचा आणि एकटाच दोन फेऱ्या मारायचा. ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही. एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यभर मागितली होती.

मग कंपवात आला. हात थरथरायचे ते ठीक, पण पाय जमिनीला चिकटायचे. उंबऱ्यापाशी तर हमखास. नाचणारा माणूस स्वतःच्या घराच्या दारात खांबासारखा उभा... मला बघवायचं नाही. एकदा मी गेले तेव्हा तो असाच अडला होता. मामी हातातलं काम टाकून आली, त्याच्यासमोर उभी राहिली, त्याचे दोन्ही हात धरले आणि उंबऱ्यावरून उलटी खळ्यात उतरली.

"खाली बघू नका. मी बघतंय."

मामाचं पाऊल सुटलं. एक, मग दुसरं... दोघं तुळशीपर्यंत गेली. मामी एकदाही मागे वळली नाही.

"ह्याकाच टँगो म्हणतत गो," मामा म्हणाला.

"गप चला."

पण तिचे कान लाल झाले होते. त्यानंतर रोज संध्याकाळी ती त्याला तशीच तुळशीपर्यंत न्यायची, शेजारणी कुंपणावरून बघत असताना. कॅसेट तेवढी कधी लावू दिली नाही.

परवा भेटायला गेले. उन्हं कलली होती, बोलायचं संपलं होतं. मामी एकदम म्हणाली, "तुझ्या मामाचा ता गाणा लाव मगे."

मी कॅसेट लावली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पाठ खळ्याकडे, आणि दोन्ही हात घराच्या दिशेने पुढे केले. गाणं सुरू झालं तरी ती हलली नाही. मला वाटलं, विसरली... मग लक्षात आलं. मामाचे पाय उंबऱ्यावर अडायचे ना. ती तेवढा वेळ थांबली, आणि मग तुळशीकडे निघाली, मागे न बघता.