कुशाचा जुळा भाऊ

शेवंती सावंत म्हणजे हट्टाची बाई. अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं शिपाई, राहायला घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर. क्लार्क व्हायची खात्यातली परीक्षा तिनं दोनदा दिली आणि दोन्ही वेळा इंग्रजी शब्दार्थांत आपटली. ही तिसरी, शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. म्हणून बाईनं आठ महिन्यांत दोन हजार शब्द घोकले. भाकरी थापताना घोकले, कचेरीत फायली वाहताना घोकले. सासूबाई म्हणायच्या, या वयात कसली ही थेरं!

परीक्षेत कॉम्प्युटरवर वीस शब्द आले आणि शेवंतीच्या पायाखालची जमीनच सरकली. विसांतला एकही शब्द घोकलेला नव्हता. अहो, एकही नाही! आठ महिने पाण्यात. उठून सरळ घरी जावं असं तिला वाटलं.

पहिला शब्द होता 'फ्रुगल'. बापजन्मात ऐकला नव्हता. पण तो ज्या वाक्यात होता, त्यातलं आजूबाजूचं तिला कळत होतं. एक म्हातारा, वापरलेल्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर पत्र लिहितो, सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाही, असा तो 'फ्रुगल'.

आणि तिला एकदम रेशन ऑफिस आठवलं. सासूबाई जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. तिथल्या कारकुनानं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "कुशाचो जुळो भाव." तो हसला आणि त्यानं फॉर्मवर लिहिलं, लवू. नाव कोणी उच्चारलंच नव्हतं, शेजारच्या नावावरून त्याला कळलं होतं.

मग हा 'फ्रुगल' कुणाचा भाऊ? सुतळी जपणाऱ्याचा! खाली उत्तरासाठी दिलेल्या चार सोप्या शब्दांतला काटकसरीचा तिनं निवडला आणि दुसऱ्या शब्दाचे शेजारी बघायला लागली.

महिन्याभरानं निकाल लागला. शब्दार्थांत विसांत सतरा, आणि शेवंती पास. तिचा विश्वासच बसेना. लेकीला, निधीला, तिनं तीनदा मोबाइल वाचायला लावला. मग जाऊन सासूबाईंच्या पाया पडली आणि सांगितलं, की घोकलेलं काहीच कामी आलं नाही, तुमची रेशन ऑफिसातली कुशाच्या भावाची युक्तीच कामी आली.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात जागच्या जागी थांबला. ऐंशीला टेकलेली, शाळेची पायरी न चढलेली बाई.

"म्हणजे गो," त्या म्हणाल्या, "माका शाळेत घातल्यानी असता, तर मी पण पास झालंय असतंय?"

शेवंतीला धक्काच बसला. सत्तावीस वर्षं एका घरात राहून हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"झाला असतात, आई," ती कशीबशी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.