नऊ हंडे आणि दुसरी टिचकी

देवदत्त ओतारींना आयर्लंडात काहीच बघायचं नव्हतं. लेकीला भेटायचं, आणि परत जाताना व्हिएतनाममध्ये उतरून ह्वे नावाच्या गावी जुन्या राजांच्या कोटातले नऊ हंडे बघायचे, एवढाच त्यांचा बेत. फेब्रुवारी २०२० मध्ये ते ॲथलोनला उतरले. एप्रिलचं विमान ठरलेलं होतं. मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. आठ आठवड्यांचा पाहुणा चौदा महिने झाले तरी लेकीच्याच घरात बसून होता.

माणूस भुदरगडाकडचा. चाळीस वर्षं देवळांच्या घंटा ओतलेला. त्यांच्या भट्टीच्या भिंतीवर एका जुन्या साप्ताहिकातलं चित्र खिळ्याला टोचलेलं असे. पुरुषभर उंचीचे काशाचे हंडे, प्रत्येकाला दोन कान, तीन पाय, अंगभर डोंगर, नद्या आणि पाखरं कोरलेली. वडील चित्राकडे बघून म्हणायचे, "पाय मागनं जोडल्यात. एवढं वजन एका ओतात उतरत न्हाई." बाविशीतला देवदत्त म्हणायचा, "उतरतंय. साठ-सत्तर भट्ट्या एकदम पेटवल्या तर उतरतंय." हा वाद तीस वर्षं चालला आणि न मिटताच वडील गेले.

मिटवायची रीत दोघांनाही ठाऊक होती. हंड्याच्या पोटावर टिचकी मारायची, मग पायावर. जोडलेल्या भांड्याचा आवाज सांध्याशी मरतो. एकसंध ओतलेलं भांडं पायापर्यंत बोलतं. चित्र काही बोलत नाही. तिथं जावंच लागतं. आणि देवदत्तांचे गुडघे आता पुन्हा एवढा प्रवास करू देणार नव्हते.

लेक निशिगंधा समजूत काढायची. "बाबा, इथेपण कॅसल आहे ना, नदीकाठी. पाच किलोमीटरच्या आतच फिरता येतं, तेवढ्यात बसतं. चला, वॉक होईल."

देवदत्त गेले. शॅनन नदीच्या काठावरचा तो दगडी किल्लाही बंदच होता. त्यांनी भिंतीवर बोटं फिरवली.

"दगूड हाय," ते म्हणाले.

"मग किल्ला कशाचा असतो, बाबा?"

"आत हंडा हाय का?"

"नाहीये."

"मग चल घरला."

शेवटी जावई शिरीषने ह्वेमधली एक गाईड शोधून काढली. तिचं नाव लान. परदेशी पाहुणे बंद झाल्यावर ती मोबाइल हातात धरून लोकांना कोट दाखवायची. पहिल्या खेपेला पडद्यावर वीसेक जण होते. लानने खंदक दाखवला, पाच वाटांची वेस दाखवली, त्यातली मधली वाट फक्त राजाची हेही सांगितलं. लाल खांबांचा दरबार झाला, सिंहासन झालं. हंड्यांपाशी ती आली आणि कोणीतरी विचारलं, "राण्या कुठं राहायच्या?" सगळी वरात तिकडे वळली. हंडे पडद्याच्या कडेने निघून गेले.

"राण्या मेल्या दीडशे वर्षांमागं!" देवदत्त ओरडले. "हंडं हाईत अजून!"

मग निशिगंधाने त्यांच्या एकट्यासाठी वेळ ठरवली. एप्रिलअखेरचा शनिवार, इकडे सकाळचे नऊ, तिकडे दुपारचे तीन. हात लावायला मनाई आहे, लान आधीच म्हणाली होती. पण तीस वर्षांचा वाद ऐकून ती हसली आणि म्हणाली, बघू, पहारेकरी कुठे असतो ते.

त्या दिवशी देवदत्त सातलाच आंघोळ करून, टोपी घालून बसले. "शिरीषराव, पोहे करा म्हंजे झालं. मोहरी नीट तडतडू द्या. मागल्या खेपेला कच्ची ऱ्हायली हुती."

त्या घरात फोडणी करायची म्हणजे आधी जिन्याजवळच्या धुराच्या भोंग्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी लागे. नाहीतर मिरचीच्या पहिल्या वासाला तो किंचाळायचा. हे काम देवदत्तांचं. धुराशी आपली जुनी ओळख आहे, असं म्हणून त्यांनी ते स्वतःकडे घेतलं होतं आणि वर्षभरात एकदाही चुकवलं नव्हतं.

लान पडद्यावर आली. आज हंडे समोर, मोठे, सावकाश. अंगावर काळपट हिरवी झाक. देवदत्तांनी कानाला मोबाइल चिकटवला, मग ओळ दिसावी म्हणून परत डोळ्यासमोर धरला. सांध्याची ओळ दिसेना.

"निशे, तिला म्हण, पोटावर."

लानने मागे पाहिलं. पहारेकरी पाठमोरा होता. तिने बोटातल्या अंगठीने हळूच टिचकी मारली.

आवाज आला. लांबलेला, गोल, विहिरीतून वर यावा तसा. देवदत्तांचे डोळे मिटले.

"आता पायावर. सांग तिला, पायावर."

लान वाकली. तिचा हात पायापाशी गेला. आणि जिन्याजवळचा भोंगा किंचाळला.

"अरे, पिशवी!" स्वयंपाकघरातून शिरीष ओरडला. "पिशवी कुणी नाही लावली?"

शिरीषने टॉवेल हलवला, दार उघडलं, खुर्चीवर चढून बटण दाबलं. भोंगा थांबला, तेव्हा पडद्यावर आभाळ दिसत होतं आणि लान कुणाशी तरी पडेल आवाजात बोलत होती. भोंगा ऐकून पहारेकरी वळला होता. पुन्हा टिचकी मारता येणार नाही, ती म्हणाली. वाटलं तर आजचं रेकॉर्डिंग पाठवते.

"तिनं ऐकलं ना? इचार, दुसरा कसा वाजला?"

निशिगंधाने विचारलं.

"काय म्हणती?"

"म्हणते, दोन्ही आवाज छान होते."

"छान!" देवदत्तांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "छान म्हंजे काय गं? छान तर शिरीषरावांचं पोहं बी हाईत!"

रेकॉर्डिंग आलं. पहिली टिचकी स्वच्छ. दुसरीच्या जागी इकडचाच भोंगा. ते त्यांनी अकरा वेळा ऐकलं. आठवड्याभरात तिकडेही रोग वाढला आणि कोट बंद झाल्याचा लानचा निरोप आला. जूनचं तिकीट सरळ दोहामार्गे मुंबईचं निघालं.

निघायच्या आदल्या सकाळी निशिगंधा खाली आली, तर देवदत्त खुर्चीवर उभे. भोंग्यावर पिशवी चढवून तिला दोरीची तिसरी गाठ मारत होते.

"बाबा, उतरा! आज फोडणी नाहीये. ब्रेड खायचाय."

"असू दे."

"मग कशाला?"

"माझं काम हाय ते," देवदत्त म्हणाले आणि गाठ आवळली.