आसरांच्या झऱ्यावरची फरशी

नवस फेडल्यावर देव रुसला, असं कुणाच्या बाबतीत झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. माझ्या बाबतीत झालं. त्या चैत्रात महिनाभर मी रोज देवघरासमोर बसायचे आणि हात जोडायच्या ऐवजी भांडायचे. बोलले होते ते दिलं ना मी, मग हे काय चाललंय, असं त्या फोटोतल्या देवांना सुनावायचे. उत्तर कुणीच देत नव्हतं.

माझी नात आठव्या महिन्यातच जन्मली. पुण्यातल्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत निजलेली आणि मी बाहेर बाकड्यावर. लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्या बाकड्यावर मला आमच्या कासार आंबोलीच्या डोंगरातल्या साती आसरा आठवल्या. पाण्याच्या या सात बहिणी. आमच्याकडे बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला त्यांचा धाक असतो आणि आधारही त्यांचाच. झऱ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड, एवढंच त्यांचं ठाणं. मी मनातल्या मनात पदर पसरला. म्हटलं, बायांनो, पोर वाचवा, तुमचं ठाणं पक्कं बांधून देते. पोर वाचली. सव्वा महिन्याने घरी आली तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन ढसाढसा रडले.

झऱ्याची जागा सातबाऱ्यावर आमची आहे, पण ते पाणी पितात वरच्या कातकरी वाडीतले लोक. पंधरा-वीस घरं असतील. आम्ही इथे शेती करायला लागलो त्याच्या आधीपासून ती माणसं त्या डोंगरात आहेत. दरवर्षी होळी झाली की वाडीतल्या बाया झऱ्यातला गाळ नुसत्या हातांनी काढतात. टिकाव नाही, खोरं नाही, लोखंड म्हणून झऱ्याला लावायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते आणि मनात हसतही होते. त्यामुळे नवसाचं काम काढलं ते झोकात काढलं. गवंडी आणला, पहारीने तळ सपाट केला, त्यावर काँक्रीट, चारी बाजूंनी आमच्या बंगल्याच्या कामातून उरलेली गुलाबी फरशी, दगडांवर छोटीशी घुमटी आणि पाण्याला पितळी नळ. घरचे म्हणतात, हिच्या अंगात काम आलं की देवानेसुद्धा बाजूला सरकावं. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. वाडीतल्या बाया लांबून बघत होत्या. त्या गप्प होत्या, आणि मला वाटलं की कौतुकाने गप्प आहेत.

पंधरा दिवस नळाला छान धार होती. मग ती करंगळीएवढी झाली, मग थेंब थेंब, आणि चैत्र लागला तसा नळ कोरडा पडला. इतक्या वर्षांत तो झरा आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वाडीपर्यंत टँकर चढत नाही. बाया पार खालच्या ओढ्यातल्या डबक्यावरून हंडे आणू लागल्या. आमच्या दारावरून त्या जायच्या तेव्हा मी खिडकीतून आत सरायचे. पण खरं सांगते, त्यांच्या हंड्यांपेक्षा मला भीती वेगळीच होती. आसरांनी माझा नवस परत केला असेल तर? नात नुसती शिंकली तरी मी धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचे.

शेवटी एक दिवस सकाळी ओटीचं सामान घेऊन मी एकटीच वर गेले. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, दहीभात. सगळं मांडलं आणि त्या कोरड्या नळासमोर बसले. काय मागावं तेच सुचेना. म्हटलं, मला कळत नाही, तुम्हीच सांगा. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवासमोर काही न ठरवता बसले असेन.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली दगडांत खुडबुड ऐकू आली. वाडीतली ठमाबाई होती. वय सत्तरीच्या पुढे, अंगात काडीएवढं मांस नाही. ती कपारीत हात घालून खेकडे धरत होती. मला बघून जवळ आली आणि हातातला खेकडा माझ्या तोंडासमोर धरला. मी दचकून मागे सरले.

"घाबरू नगा वयनी. त्याच्या पायाचा चिखल बगा. वला हाय का न्हाई?"

चिखल खरंच ओला होता, गार आणि काळा.

"पानी कुटं गेलं न्हाई. हितंच हाय, तुमच्या बुडाखाली. तुमी त्याच्या नाकात बोळा घातलाय."

मला राग आला. लाजही वाटली, पण आधी राग. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत ठमाबाई?"

"इच्यारलं कुनी?" ती शांतपणे म्हणाली. "आन तुमी नवस फेडत व्हता. लेकराचा नवस. त्यात आमी कसं आडवं यायचं?"

महिनाभर ही म्हातारी डोक्यावरून हंडे वाहत होती, आणि ते माझ्या नातीसाठी. मी विचारलं, आता काय करायचं? "फोडायचं," ती म्हणाली, "पन तुमीच. आमी हात लावनार न्हाई."

नवसाचं बांधकाम आपल्याच हाताने फोडायचं, याची माझ्यासारख्या बाईला किती दहशत वाटते ते कसं सांगू? डोळ्यांसमोर ती काचेची पेटी आली. दगडांकडे बघून म्हटलं, पोर तुमची, ठाणं तुमचं, माझं काही नाही. वाडीतून कुणीतरी छिन्नी-हातोडा आणून दिला. "सिमिटाला लोखंड चालंल, ते तुमचंच हाय," ठमाबाई म्हणाली, "माती लागली की मातर टाका बाजूला."

मला असल्या कामाची कुठली सवय! दोन बोटं ठेचली, हाताला फोड आले. एकेक गुलाबी कपची उडत होती आणि मागे बाया गोळा होत होत्या. काँक्रीटखाली काळी माती दिसली तशी मी हातोडा टाकला आणि नखांनी उकरू लागले. ठमाबाई शेजारी वाकली. तिने नुसता तळवा मातीवर ठेवला, जरा सरकवला, पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "हितं."

तिथली मूठभर माती काढली. आधी गारवा लागला. मग खालची वाळू हलायला लागली, कण न् कण नाचायला लागला, आणि त्याच्या मधून पाणी वर आलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं वर येत राहिलं. माझी बोटं त्यात बुडाली, मग मनगट बुडालं. अंगावर सर्रकन काटा आला. मी काही देवी पाहिली नाही. पण आपण कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी समोर गुडघे टेकून आहोत, हे मला माझ्या श्वासाइतकं खरं वाटलं. मागे ठमाबाई म्हणत होती, "आल्या गं माझ्या बाया, आल्या!" आणि सगळ्या जणी रडत होत्या.

गढूळ पाणी निवळलं तशी मी ओंजळ पुढे केली. ठमाबाईने माझं मनगट धरलं. "आमच्यात रीत हाय वयनी. ज्यानं पानी कोंडलं त्यानं समद्यांच्या मागनं प्यायचं."

पहिली ओंजळ दगडांना गेली. मग पाणी खालच्या खड्ड्यात सोडलं, खेकड्यांसाठी, पाखरांसाठी. मग शेळ्या आल्या. मग लेकरं, मग बाया, मग कामावरून परतलेले पुरुष. मी आंब्याच्या सावलीत उभी होते. कुणी माझ्याकडे रागाने बघितलं नाही, कुणी आधी पी म्हणूनही म्हणालं नाही. घशाला कोरड पडली होती, आणि तरी वाटत होतं की ही रांग अजून लांब असती तरी चाललं असतं. उन्हं कलली तेव्हा ठमाबाईने हाक मारली. मी वाकले आणि प्यायले.