बायकोने ठरवलेला आकडा

चूक माझी होती आणि ती मी बायकोच्या माथी मारली, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही गोखिवऱ्यात भाड्याने राहत होतो. बँकेने जप्त केलेला एक फ्लॅट ऑनलाइन लिलावात निघाला. बायको इमारत बघून आली, सोसायटीची थकबाकी विचारून आली आणि तिने आमचा कमाल आकडा ठरवला. बोली लावायला मात्र मी बसलो. दर वेळी शेवटच्या मिनिटाला कोणीतरी माझ्यापेक्षा वरची बोली लावायचा, लिलावाची वेळ आणखी वाढायची, आणि मला घराऐवजी त्या माणसाला हरवणंच महत्त्वाचं वाटू लागलं.

"अहो, थांबा. आपला आकडा गेला," ती म्हणाली. मी थांबलो नाही. लिलाव जिंकलो, पण तेवढं कर्ज मिळेना आणि अनामत रक्कम बुडाली. मेहुण्याला मी सांगितलं, "तुझ्या ताईचाच हट्ट होता." तिने ते ऐकलं.

पुढच्या लिलावांना तीच बसली. दोनदा बोली आकड्याच्या वर गेली, तेव्हा तिने लॅपटॉप मिटून सरळ कुकर लावला. तिसऱ्यांदा एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट तिने आकड्याच्या आत मिळवला. इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वाटला नव्हता.

वास्तुशांतीच्या जेवणाला मेहुणा हसत म्हणाला, "भावोजी, या वेळी ताईला आवरलंत वाटतं!"

मी वाढता वाढता थांबलो. "आवरायला हवं होतं ते मलाच. तेव्हा ती थांबवत होती. मी तुझ्याशी खोटं बोललो." मग तिच्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."