सवचं पाणी
गंधकाच्या मलमाचा वास आला की मला मामाची जुनी जीप आठवते. मामा दर हिवाळ्यात सव गावच्या गंधकाच्या गरम कुंडावर गुडघे शेकायला जायचा आणि निघताना तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतायचा. "माणसाची हाडं सुधारतात, इंजिनाची नाय सुधारणार?" शेवटी इंजिनातलं पाणी अडवणारी पत्र्याची गोल बुचं गंजून चाळण झाली, पाण्याचा पंप गळायला लागला आणि आंबेनळी घाटात बॉनेटमधून वाफा निघाल्या. मामी म्हणाली, "भंगारात घाला आता." पण डोंगरावरच्या कुडपण गावाहून खाली उतरायला घरात दुसरी गाडी नव्हती. मी तेव्हा मुंबईच्या गॅरेजात काम करायचे, म्हणून मामानं मला बोलावलं. अंगणात आम्ही जुनी बुचं उचकटली, तर आतून तांबडा चिखल भळाभळा बाहेर आला आणि सवचा वास घरभर पसरला. तो चिखल मामानं स्वतःच्या हातानं काढला. मी नवी पितळी बुचं ठोकून बसवली, नवा पंप लावला आणि आम्ही थेट घाट चढलो. माथ्यावर मामा सवयीनं साध्या पाण्याचा कॅन घेऊन उतरला. बॉनेट उघडून तो बराच वेळ वाकून बघत राहिला. "उकळत नाय गो!" म्हणाला, आणि इंजिनासाठी आणलेलं ते पाणी आम्ही दोघांनी तिथंच बसून पिऊन टाकलं. जीप अजून घाट चढते. मामा अजून सवला जातो, आता माझ्यासोबत. येताना त्यानं भरून घेतलेली कुंडाच्या पाण्याची बाटली मात्र मी माझ्या पायाशी ठेवते, रेडिएटरपासून लांब.