कीबोर्डाचं गाऱ्हाणं

शाळेच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डाची अर्धी बटणं मेली होती. परत पाठवायला तो मी पेंढा घालून आंब्याच्या पेटीत बांधला. मुंबईच्या कंपनीला काय सांगायचं, ते नंबरासकट कागदावर लिहिलं. ट्रंककॉल लागला, तर हेडमास्तरांनी रिसीव्हर शिपायाकडे दिला. तो देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणून आवाज त्याचाच पोचणार म्हणे. दोन वाक्यांचं काम, पण याने उद्घाटनापासून सुरुवात केली. मी चरफडत रिसीव्हरला कान लावून उभा.

"तर ह्या यंत्राक जी काय पीडा झाली आसा, ती दूर कर रे म्हाराजा."

देवळातल्या सवयीने ऑफिसातले आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा."

पलीकडून कंपनीचा माणूसही हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."