हॉटेलला आधीच कसं कळलं?

"मॅडम, आजचं डिनर चंद्र उगवल्यावर टेरेसवर लावतो," असं म्हणून वेटर ट्रे ठेवून निघून गेला.

ट्रेमध्ये उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे, दही आणि केळी. पावाचा तुकडा नाही, अंडं नाही.

त्या दिवशी संकष्टी होती, हे खरं. पण हॉटेलात मी कुणाला एका शब्दाने बोलले नव्हते. दुपारी खोलीत दोन फळं खायची आणि रात्री चंद्र बघून जेवायचं, एवढाच माझा बेत. आता फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, एके काळी राजेरजवाडे उतरायचे अशा जुन्या हॉटेलातल्या माणसांना संकष्टी कशी कळणार?

थांबा, आधी माझं काम सांगते. मी मिस्टरी गेस्ट आहे. म्हणजे साध्या गिऱ्हाइकासारखं हॉटेलात राहायचं, खोली, जेवण, लोकांचं वागणं, सगळं बघायचं आणि गुपचूप रिपोर्ट लिहायचा. हॉटेलला कळता कामा नये. कळलं की ते आपल्यापुरती चादर झटकतात आणि रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. मी हॉटेलचा कोर्सबिर्स केलेला नाही. लग्न होऊन लंडनमधल्या इल्फर्डला आले, एका गेस्ट हाउसमध्ये ब्रेकफास्टच्या बशा उचलायला लागले, मग हाउसकीपिंग सांभाळलं. आता या वयात मँचेस्टरची एक कंपनी मला असं फिरवते.

या हॉटेलची भानगड वेगळी होती. आमचे दोन इन्स्पेक्टर आधी जाऊन आले होते. दोघांचे रिपोर्ट म्हणजे धुतलेले तांदूळ. खरी गिऱ्हाइकं मात्र तक्रारी करत होती. चहा गार, बेल वाजवली तर कुणी येत नाही, गाद्या खोलगट.

निघण्याआधी माझा बॉस ग्रॅहम म्हणाला, "शैला, आतून कुणीतरी नावं फोडतंय. आणि बुकिंग फक्त हेलन करते."

"हेलन असं करणार नाही."

"तेच बघायला तुला पाठवतोय. या वेळीही त्यांना आधी कळलेलं असेल, तर मी तिला ठेवणार नाही."

वर म्हणाला, "तुझ्याकडे बघून कुणाला संशय येणार नाही." हे कौतुक होतं की काय, अजून मला कळलेलं नाही.

हेलन म्हणजे माझी ट्रेन लेट झाली तर स्टेशनवर थांबून राहणारी बाई. आजारी वडील, घराचं मॉर्गेज, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. तिची नोकरी आता माझ्या एका फोनवर होती.

आदल्या दिवशी पोचले तेव्हा सगळं अगदी साधं होतं. दारावरच्या माणसाने माझी बॅगसुद्धा उचलली नाही. मागच्या बाजूची काळोखी खोली मिळाली. मी आमच्या नेहमीच्या पद्धतीने कामाला लागले. इस्त्री मागवली, मग जादा उशी, मग रूम सर्व्हिसचं चीज सँडविच. त्यानंतर थोड्या वेळाने दार वाजलं. "मॅडम, समुद्राकडची खोली रिकामी झाली आहे. कॉम्प्लिमेंटरी अपग्रेड." म्हणजे जास्तीचे पैसे न घेता वरच्या दर्जाची खोली.

आणि मग काय सांगू! संगमरवरी जिना उतरले की खाली कुणीतरी हसत उभंच. कॉरिडॉरमध्ये ताजी फुलं, पण फक्त माझ्या दारापर्यंत. खरंच सांगते, पुढच्या फुलदाण्या रिकाम्या होत्या. समोर एवढा निळा समुद्र पसरलेला, आणि मी आपली पडद्यामागे कोण उभंय ते बघतेय.

त्यात हा उपासाचा ट्रे. मी फोनवर ग्रॅहमचा नंबर काढला. "त्यांना माहीत आहे" एवढं म्हटलं की हेलन घरी.

बटाट्याची फोड तोंडात टाकली आणि थांबले. हेलनला माझं नाव माहीत, तारखा माहीत. पण चंद्र बघून जेवायचं, हे तिला मँचेस्टरमध्ये कोण सांगणार? ते माहीत असलेला माणूस एकच, आणि तो इल्फर्डला. हॉटेलचं नाव कुणाला सांगायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. पण नवऱ्याला कुणी 'कुणी' धरतं का? हॉटेलचा नंबर फ्रिजवर लावून आले होते. मी ग्रॅहमऐवजी घरी फोन लावला.

"अहो, इथे हॉटेलात फोन केला होतात का?"

आमचे हे म्हणाले, "का गं, बटाटे कच्चे निघाले का?"

"म्हणजे केला होतात!"

"तुझी बीपीची गोळी असते. उपाशीपोटी कशी घेणार? म्हटलं, पाव नको, अंडं नको, पण काहीतरी द्या तिला. आणि रात्री चंद्र दिसेपर्यंत किचन बंद करू नका."

"आणि मी इथे कशाला आलेय, ते?"

"आराम करायला आलीय, म्हटलं."

"नक्की?"

"एवढा खुळा समजतेस का मला? बरं, मीठ सैंधव आहे का, ते विचार."

यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बसमध्ये शेजारच्याला नातीचे मार्क सांगणारा माणूस. त्यामुळे माझा संशय काही फिटेना.

"फोन कधी केलात?"

"आज सकाळी."

खोली तर आदल्या दिवशीच बदलली होती. म्हणजे हे सुटले. मग पुन्हा हेलनच? पण तिने नाव दिलं असतं तर दारातच माझी बॅग उचलायला चौघे धावले असते. जे काही झालं ते मी आत आल्यावर झालं.

सरळ मॅनेजरकडे गेले. पिकल्या केसांचे, नीटनेटके गृहस्थ.

"तुम्ही मला ओळखलंय," मी म्हटलं.

"मॅडम, मला समजलं नाही."

"समजलं नाही म्हणण्याचं तुमचं वय नाही, आणि माझंही. माझा रिपोर्ट रद्दच होणार. पण आमच्या ऑफिसात एक बाई आहे. तिने तुम्हाला नाव कळवलं, असं माझ्या बॉसला वाटतंय. तिची नोकरी जाईल. तिने कळवलं असेल तर गप्प बसा. नसेल तर बोला."

त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, बोलले की हातातला हुकमाचा पत्ता गेला. शेवटी म्हणाले, "कुणी कळवत नाही, मॅडम. तुम्हीच कळवता. एकटा माणूस येतो. आल्याआल्या इस्त्री मागतो, मग उशी, मग चीज सँडविच. आधीच्या हॉटेलात तुमच्या लोकांना हेच करताना पाहिलं होतं, इथेही तिघांनी हेच केलं, याच क्रमाने. सुट्टीवर आलेला माणूस आधी खिडकी उघडतो."

मी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं ही कामं मीसुद्धा अशीच करत आले होते.

ग्रॅहमला फोन केला. "हेलनचा काही संबंध नाही."

"कशावरून?"

मी न उचललेल्या बॅगेपासून सगळं सांगितलं.

"ती पद्धत मी बसवली आहे," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं.

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"हेलनला काही बोलला नसशील, तर आता बोलूच नकोस."

रात्री टेरेसवर जेवले. रिपोर्ट रद्द झाला म्हणून अन्न टाकायचं नसतं.

पुढच्या खेपेला कंपनीने नवरा-बायको अशी जोडी पाठवली, आणि काय मागायचं ते त्यांच्या मर्जीवर सोडलं. त्यांना गार चहा मिळाला, खोलगट गादी मिळाली, आणि हॉटेलचे मार्क धाडकन खाली आले. हेलन अजून बुकिंग करते. आपली नोकरी जाता जाता राहिली, हे तिला आजही माहीत नाही.

मी एवढंच शिकले. गोष्ट बाहेर फुटली की सगळे आधी माणसं तपासतात. कामाची पद्धत कुणी तपासत नाही, कारण ती बहुतेक वेळा साहेबाने बसवलेली असते.